पिवळं पाणी

३ जानेवारी, मंगळवार

वही इंजिनियर बाईंनी दिली. म्हणाल्या, "काका, रोज काय काम केलं ते लिहून ठेवा. तुम्हाला जे माहीत आहे ते कुठल्या पुस्तकात नाही." मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली, माझं लिहिलेलं कोण वाचणार. तर म्हणाल्या, "लिहा हो, चुका मी काढीन." आता त्या वाचणार म्हटल्यावर घरचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पहिल्याच पानावर घरचं आलंच. म्हणून बाईंसाठी दुसरी वही केली आहे. ही माझ्याजवळच ठेवणार.

मेन लाइनवर आता सगळीकडे वर तारा आल्या. डिझेलची इंजिनं भंगारात गेली, आमची शेड बंद झाली. एक इंजिन तेवढं हौशी मंडळींच्या संस्थेने मागून घेतलं. सात वर्षं ते साइडिंगला उभं आहे. त्याला पुन्हा चालू करायचं आणि मार्चमध्ये तीन जुने डबे जोडून पुलापर्यंत नेऊन आणायचं, असं ठरलं आहे. बाई त्या कामाच्या प्रमुख. मी त्या शेडमध्ये एकोणतीस वर्षं फिटर होतो, हे इंजिन तीनदा पूर्ण खोललेलं आहे, म्हणून मला बोलावलं.

मला धास्ती वाटते. सात वर्षं उभ्या इंजिनात काय काय होऊन बसलं असेल. उंदरांनी वायरी खाल्ल्या असतील. चालू करताना काही फुटलं आणि कुणाला लागलं तर माझं नाव येणार. हिला सांगितलं तर म्हणाली, "जा की. घरात बसून तुम्ही गॅसचं बटण दिवसातून अकरा वेळा बघता. तिकडे सोळा सिलिंडर आहेत, सोळा वेळा बघा."

८ जानेवारी, रविवार

सुट्टी. काल मी नसताना हिने वायरमनला बोलावून दोन्ही खोल्यांतल्या पांढऱ्या ट्यूब काढून टाकल्या आणि जुने पिवळे बल्ब लावून घेतले. ट्यूबने डोकं दुखतं म्हणाली. मला राग आला. वायरमन स्टुलावर चढला असणार. त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. पडला असता म्हणजे? मेन स्विच बंद केला होता का, तेही हिला आठवेना.

"अहो, तो पडला नाही, मेला नाही, चहा पिऊन गेला," ही म्हणाली.

खरं सांगायचं तर मला उजेडात काही फरक कळत नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मुलगी दोन वर्षं ऑपरेशनच्या मागे लागली आहे. मी टाळतो. डोळ्याला सुरी लावायची म्हणजे काय. आतापर्यंत ही मुलीचीच री ओढायची. आज मुलीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "राहू दे गं, त्यांचं इंजिन होऊ दे आधी." मला फार बरं वाटलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ही माझ्या बाजूने बोलली.

१२ जानेवारी, गुरुवार

आज इंजिन हाताने फिरवलं. सोळाही सिलिंडरच्या तोट्या उघडायच्या, लांब पहार लावायची आणि चार माणसांनी बोट बोट फिरवायचं. आमचा जुना ड्रायव्हरही आला आहे. हळू बोलणं त्याला जमतच नाही, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. तो म्हणाला, "अरे मिस्त्री, मार की स्टार्टर. किती गोंजारतोस त्याला?"

मी म्हटलं, "आत पाणी साचलं असलं आणि तसाच स्टार्टर मारला तर दांडा वाकेल. तुझ्या गुडघ्यासारखा."

"माझा गुडघा वाकत नाही, हेच तर दुखणं आहे," भोंगा म्हणाला. शेडभर ऐकू गेलं.

नवव्या सिलिंडरमधून कपभर तांबडं पाणी निघालं.  बाईंनी लिहून घेतलं.

घरी आलो तर हिची अंगठी भांडी घासताना निसटून सिंकमध्ये गेलेली. पाइप खोलून काढून दिली. हिने आता तिला आतून दोरा गुंडाळला आहे. साबण बदलला पाहिजे, फार बुळबुळीत आहे.

१९ जानेवारी, गुरुवार

बाईंशी वाद झाला. इंजिनाच्या अंगातून जे पाणी फिरतं त्यात आम्ही पिवळा मसाला टाकायचो. गंज चढत नाही, हा एक फायदा. पण खरा फायदा गळती कळते हा. साधं पाणी गळलं तर वाळून जातं, पत्ता लागत नाही. पिवळं पाणी वाळलं तरी मागे रेघ ठेवतं. केसाएवढी भेग असली तरी रेघ ओरडून सांगते की मी इथे आहे. मला ती दहा पावलांवरून दिसायची. साहेब म्हणायचे, याला पिवळं दाखवू नका, हा अख्खं इंजिन खोलून बसेल.

बाई म्हणाल्या, "काका, तो मसाला विषारी असतो. आता कोणी वापरत नाही." मी म्हटलं, मग गळती कशी शोधणार, स्वप्नात येऊन सांगणार का? शेवटी ठरलं की चाचणीपुरता वापरायचा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, आणि नंतर ते पाणी पिंपात भरून नीट पाठवून द्यायचं. जुन्या स्टोअरमध्ये एक डबा निघाला. झाकण उघडून बघितलं तर मसाला फिका पडल्यासारखा वाटला. जुना झाला असेल.

मुलीने लग्न केलं नाही. म्हणून ही इंजिनाला जावई म्हणते. उभा राहायला जागा द्या, तेल द्या, पाणी द्या, चार माणसं सेवेला ठेवा, आणि काम म्हणाल तर शून्य. सकाळी डबा भरताना म्हणाली, "आज जावयाला पाणी पाजणार ना? बघा, रुसायचा." डबा भरते पण स्वतः माझ्याबरोबर बसून जेवत नाही हल्ली. आधी खाल्लं म्हणते. घरात स्वेटरही काढत नाही. थंडी तेवढी नाही. कपाळाला हात लावून बघितलं, ताप नाही. काळजी वाटली पण ताप नाही म्हटल्यावर बरं वाटलं.

२७ जानेवारी, शुक्रवार

चालू झालं.

दोनदा नुसतं कण्हलं. तिसऱ्यांदा काळा धूर आला आणि एकेक सिलिंडर जागा झाला. मी मोजत होतो. चौदापर्यंत मोजले, मग पंधरावा आणि सोळावा एकदमच आले. मग आवाज बसला. जमीन बुटातून हलायला लागली. भोंगा काहीतरी ओरडत होता, ते मात्र ऐकू आलं नाही. बाई रडल्या. मीही रडलो असतो, पण तेवढ्यात मला डाव्या बाजूच्या पाइपची आठवण झाली आणि मी बघायला पळालो.

पाच वाजता घरी आलो. ही झोपलेली. दिवेलागणीच्या वेळी ही कधी झोपत नाही. मी घाबरून नाकासमोर बोट धरलं. डोळे न उघडता म्हणाली, "आहे अजून. चालू झालं का?"

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही बूट न काढता आत आलात."

मग उठून बसली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा. मी तासभर सांगत होतो. एकदाही जांभई दिली नाही. म्हणाली, "रिटायर झाल्यापासून तुम्ही एवढं बोलला नव्हता."

२ फेब्रुवारी, गुरुवार

हिला अंगभर खाज सुटते. हातावर नखांचे ओरखडे दिसले. मी गादी उन्हात टाकली, पलंगाच्या फटींत औषध मारलं, साबण बदलला. ढेकूण एकही सापडला नाही. मला चावत नाहीत, हिलाच कसे चावतात? ही म्हणाली, "तुमचं रक्त तेलकट असेल."

७ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. डिपस्टिक काढली तर तेल पातळ वाटलं. बाटलीत भरून घरी आणलं, कारण शेडची शेगडी बंद आहे. तवा तापवला आणि वर एक थेंब टाकला. चांगलं तेल नुसतं पसरतं. हे तडतडलं. माझे कान अजून शाबूत आहेत. तडतडलं म्हणजे तेलात पाणी. आणि तेलात पाणी म्हणजे आत कुठेतरी गळती.

ही दारात येऊन उभी राहिली. "आता ह्या तव्यावर मी जावयालाच परतून घालू का?"

मी म्हटलं, "आत पाणी गळतंय. बाहेरून काही दिसत नाही. असंच चालवलं तर बेअरिंग जातील, सगळं खलास होईल."

तिने तवा गॅसवरून उतरवला. मग म्हणाली, "कधी कधी बाहेरून नसतं दिसत." आणि तवा राखेने घासायला घेतला. घासताना दोनदा थांबली. मी म्हटलं मी घासतो, तर दिला. हिने घासायला दिला म्हणजे आश्चर्यच.

११ फेब्रुवारी, शनिवार

लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

चार दिवस बॅटरी घेऊन मी प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या हेडचं झाकण उघडून बघत होतो. पिवळी रेघ कुठेच नाही. बाईंना सांगितलं, मसाला निकामी आहे, रंगच पकडत नाही. आज त्या माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि एका मिनिटात म्हणाल्या, "काका, हे काय? सातव्या हेडखाली पिवळं उतरलंय ना."

मी बघितलं. मला काही दिसेना. त्यांनी माझं बोट धरून तिथे लावलं. बोटाला भुकटी लागली. डोळ्याजवळ नेली तरी मला ती भुकटी आणि माझं बोट सारखंच दिसलं.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हाला सगळंच पिवळट दिसतं का?"

मला काय माहीत. माणसाला आपल्याला कसं दिसतं ते कसं कळणार. मी भांडलो. म्हटलं, तुम्ही काल आलात, मी एकोणतीस वर्षं हे बघत आलोय. 

घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं चिडवेल. तिने विचारलं, "तुम्हाला नाही दिसलं?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"सगळं सारखंच दिसतं."

"बरं," म्हणाली आणि चहा ठेवला. चहा देताना म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. डोळ्यांची एवढी घाई नाही." किती समजूतदार आहे. माझी लाज राखली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सातवं हेड उतरवलं. भेग मिळाली. भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाचं हेड आणून बसवतो आहोत.

कपाटावर ट्रंक चढवताना एक मोठं खाकी पाकीट सापडलं. आत काळी फिल्म होती. हिच्या गुडघ्याचा जुना फोटो असावा. उजेडाला धरला, गुडघा काही दिसला नाही, सगळं धुरकट. परत ठेवला. संध्याकाळी बघितलं तर पाकीट तिथे नव्हतं. परत ठेवताना मागे पडलं की काय म्हणून कपाट सरकवून बघितलं. ही म्हणाली, "कपाट सरकवून कंबर मोडून घ्याल. मी उचललं."

शेजारीण जिन्यात भेटली. म्हणाली, "वहिनींना जपा हो, किती उतरल्यात." मी म्हटलं, हो, जेवणातलं मीठ कमी केलंय.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन हेड बसलं. तेलाचा थेंब तव्यावर टाकला, आवाज नाही. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "आता डोळे केल्याशिवाय शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. धावत्या इंजिनाजवळ मी तुम्हाला असं उभं राहू देणार नाही." त्यांनीच परवाची वेळ घेतली.

हिला सांगितलं. हातातलं पातेलं ठेवून ती खाली बसली. "गाडी धावू दे ना आधी. अडीच आठवडे तर राहिले." मी म्हटलं, बाई ऐकत नाहीत. मग तिने मुलीला फोन लावला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

उजवा डोळा झाला. इतकी वर्षं उगीच घाबरलो. मुलगी आली होती, तिचंच बरोबर होतं. ही आली नाही, दवाखान्याचा वास सहन होत नाही म्हणाली. काल पट्टी काढली.

भिंत पांढरी होती. मी डॉक्टरला विचारलं, रंग दिला का? तो हसला. बाई भेटायला आल्या. त्यांचा तो हिरवा ड्रेस निळा आहे. आभाळ असं आहे हे मी विसरूनच गेलो होतो. एक डोळा झाकायचा, मग दुसरा झाकायचा, असं मी पोरासारखं करत बसलो. डाव्या डोळ्याने जग चहात बुडवल्यासारखं, उजव्याने धुऊन टाकल्यासारखं. घरी आलो तर पडदे ओढलेले, बल्ब लावलेला. ही माझ्याकडे पाठ करून पोळपाट धूत होती.

आज सकाळी मागच्या दारी गेलो. ही दोरीवर कपडे वाळत घालत होती. ऊन चांगलं होतं. मी हाक मारली. ती वळली.

डोळे. डोळ्यांतलं पांढरं. हात, मान, सगळं.

एकोणतीस वर्षं मी हा रंग शोधत होतो.

ती म्हणाली, "दिसलं का?" मी मान हलवली. ती म्हणाली, "माझा अंदाज दोन आठवड्यांनी चुकला."

१ मार्च, बुधवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. हिला आणि मुलीला डिसेंबरपासून माहीत होतं. पोटामागे एक ग्रंथी असते, तिथे गाठ आहे. तिने पित्ताची नळी दाबली आहे, म्हणून पिवळं. गाठ काढता येणार नाही, यकृतापर्यंत गेली आहे. एक बारीक नळी आत बसवतील, म्हणजे पिवळेपणा आणि खाज कमी होईल. मी विचारलं, किती. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. दोन महिने, फार तर तीन.

परत आत जाऊन मी विचारलं, "माझे कपडे ही एकोणतीस वर्षं धूत होती. त्यावर पिवळा मसाला असायचा. त्याने झालं का?"

डॉक्टर म्हणाले, याचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. मी म्हटलं, पण विषारी असतो तो, इंजिनियर बाई सांगतात.  मी तेच तेच विचारत राहिलो. कोपरापर्यंत बाह्या पिवळ्या असायच्या, ती हाताने चोळायची, हातमोजे नसायचे.

तेव्हा ही खुर्चीवरून म्हणाली, "अहो, पुरे. सगळं त्या इंजिनाला का जोडता? माझं दुखणं तरी माझं राहू द्या."

मुलगी खिडकीकडे बघत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, का सांगितलं नाहीस. म्हणाली, "तुम्ही दुधाला साय धरली नाही तरी घाबरता. आणि डिसेंबरात बाई तुम्हाला बोलवायला आल्या, तेव्हा तुम्ही पायजम्याची नाडी न बांधता दारात गेलात. मला वाटलं, एवढं होऊन जाऊ दे."

मग मुलगी म्हणाली, "आई, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, हा निर्णय तू एकटीने घेऊ नकोस." ही म्हणाली, "एकटीने कुठे, तू होतीस की." दोघी भांडल्या. मला मध्ये कुणी विचारलं नाही. बरंच झालं.

५ मार्च, रविवार

नळी बसवली. भोंगा दवाखान्यात आला होता. दारातच नर्सने त्याला हळू बोलायला सांगितलं. मग तो हळू बोलला. त्याला जमतं, हे मला आजच कळलं. म्हणाला, "वहिनी, पुढच्या रविवारी तुमच्यासाठी पहिल्या डब्यात खिडकी राखून ठेवतो."

ही म्हणाली, "मिस्त्रींना न्या. मी कधी त्यांच्या गाडीत बसले नाही. आता बसून सवय कशाला लावू?"

भोंगा बाहेर जाऊन बराच वेळ बाकावर बसला होता.

१२ मार्च, रविवार

आज गाडी धावली. मी गेलो नाही. ही कालपासून म्हणत होती, जा, मुलगी आहे, मी काही पळून जात नाही. मी खोटं सांगितलं की बाईंकडे दुसरा फिटर आला आहे.

लाइन आमच्या घरापासून लांब नाही, शेताडीच्या पलीकडे. मी मागच्या दारी खुर्ची टाकून बसलो. दहा वाजून चाळीस मिनिटांनी आवाज आला. चढावर भोंग्याने लोड घेतला तेव्हा मी सोळाही मोजले. सातवा इतरांसारखाच बोलत होता. पुलाजवळ त्याने हॉर्न दिला, फार लांब दिला. नियमात बसणार नाही इतका लांब.

आत जाऊन बघितलं. हिला डोळा लागला होता. महिन्याभरात पहिल्यांदा खाजेशिवाय झोपली होती. उठवलं नाही. आवाज कमी व्हावा म्हणून खिडकी लावून घेतली.

उठल्यावर विचारलं, "गेला का जावई?"

"गेला."

"कसा गेला?"

"बरा गेला."

"सांगा की नीट," म्हणाली. पण मला काही सांगताच आलं नाही. ती म्हणाली, "बघा, पुन्हा बोलेनासे झालात."

२१ मार्च, मंगळवार

डोळे पांढरे झाले. खाज गेली. मी रोज सकाळी हिला खिडकीत उभं करून उन्हात बघतो. ही म्हणते, "तपासा, तपासा. सातवं हेड कसं आहे?" आज अर्धी वाटी भात खाल्ला. मुलगी म्हणते, बाबा, नळीमुळे रंग गेलाय, गाठ आहे तशीच आहे. मला कळतं. गळतीचं पाणी पिंपात वळवलं म्हणजे भेग बुजली असं होत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार. तरी पांढरं बघितलं की बरं वाटतं.

बाई आल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात पुन्हा धाव आहे, पिवळं पाणी काढून नवीन मसाला भरलाय. शेडमध्ये कधी येता विचारलं नाही. माझी त्यांच्याकडची वही परत देत होत्या, चुका काढून. मी म्हटलं ठेवा तुमच्याकडेच.

८ एप्रिल, शनिवार

चार दिवस पलंगावरून उठलेली नाही. घोटाघोटाने पाणी. मुलीने नोकरीवरची रजा वाढवली.

मी गॅसचं बटण बघत नाही हल्ली. आज दुपारी आठवलं की सकाळपासून एकदाही बघितलं नाही. जाऊन बघितलं, बंद होतं.

१३ एप्रिल, गुरुवार

आज सकाळी मुलगी औषधं आणायला गेली होती. आम्ही दोघंच होतो. ही माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "खरं सांगा. डॉक्टर काल काय म्हणाले?"

डॉक्टर म्हणाले होते, आठवडा.

मी खोटं बोलायला कच्चा आहे, हे हिला माहीत आहे. पण रात्रभर तयारी करून ठेवली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "काही नाही. औषध बदललंय. होईल बरं. काळजी करू नकोस."

आवाज कापला नाही. मला स्वतःचं नवल वाटलं.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग थोडीशी हसली. म्हणाली, "बेचाळीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा म्हणालात, काळजी करू नकोस म्हणून."

"मग? नाहीच करायची."

"बरं. नाही करत." तिने माझा हात थोपटला. बोटांत ताकद नव्हती, तरी थोपटला.

मला वाटतं, तिचा विश्वास बसला. कारण लगेच तिचं लक्ष घरातल्या कामांकडे गेलं. म्हणाली, "वही आहे ना हाताशी? लिहून घ्या." मी लिहून घेतलं, ते असं.

तांदळाचा डबा खालचा, वरचा डाळीचा. दोन्हींचं झाकण सारखं आहे, म्हणून तांदळाच्या डब्याला लाल दोरा बांधलाय. भात एका वाटीला दोन वाट्या पाणी, जुना तांदूळ असला तर अडीच. दूध तापवताना गॅस बारीक ठेवून जवळ उभं राहायचं, इंजिनाचा विचार करायचा नाही. स्वेटर धुऊन पिळायचे नाहीत, पसरून वाळवायचे. हिवाळ्याची पांघरुणं ट्रंकेत, किल्ली ट्यूबच्या रिकाम्या खोक्यात. ट्यूब पलंगाखाली आहेत, वायरमनला बोलावून परत लावून घ्यायच्या आणि स्टुलाचा पाय आधी दुरुस्त करायचा. डावा डोळा पावसाच्या आत करून घ्यायचा. मुलीला दर रविवारी फोन आपण करायचा, तिच्या फोनची वाट बघत बसायचं नाही. ती रागावली तर लगेच ठेवायचा नाही, थोडं थांबायचं, मग ती बोलते.

इथपर्यंत सांगून तिला दम लागला. मी म्हटलं, राहू दे, एवढी घाई काय आहे. ती म्हणाली, "अजून बरंच आहे. लोणी कढवायचं राहिलं. बाकीचं उद्या सांगते."

मी पुढची दोन पानं तिच्यासाठी कोरी सोडली आहेत. दोन पुरतील की नाही, कोण जाणे. तिसरंही सोडतो.